तिसातले दोन

सांगलीला विश्रामबागेत, एका दातांच्या दवाखान्याच्या वरच्या मजल्यावर आमचं ऑफिस आहे. खाली डॉक्टर, वर आम्ही हवामानवाले. दोघांकडेही दुखायच्या आधी यायला हवं आणि दोघांकडेही माणसं दुखल्यावरच येतात. गेली बरीच वर्षं मी तिथे बसून द्राक्षबागवाल्यांना फवारणी आज करा की परवा, हळद वाळत घालणाऱ्यांना ताडपत्री जवळ ठेवा की नको, असलं सांगते. लोकांना वाटतं मी दिवसभर आभाळाकडे बघत असते. माझ्या खिडकीतून समोरच्या इमारतीची पाण्याची टाकी तेवढी दिसते.

हे काम कसं चालतं ते थोडं सांगायला हवं, कारण माझी चूक त्यातच आहे. आज या घडीला हवा कुठे किती गार आहे, समुद्रावर किती बाष्प आहे, हे अगदी नेमकं कोणालाच माहीत नसतं. मोजणारी यंत्रं ठिकठिकाणी आहेत, पण मधल्या जागा रिकाम्याच. सुरुवातीला केसाएवढा फरक राहिला तरी पाचव्या दिवशी तो तालुक्याएवढा होतो. म्हणून मोठाले कॉम्प्युटर एकच अंदाज काढून थांबत नाहीत. सुरुवात जराजराशी बदलून ते पुष्कळ अंदाज काढतात. आमच्याकडे येतात ते तीस. प्रत्येकाची एक रेघ. तीसही रेघा एकमेकींना धरून चालल्या तर बिनधास्त बोलावं, फाकल्या तर जपून. फाकलेल्या रेघांचं चित्र वाळत घातलेल्या शेवयांसारखं दिसतं.

इंग्रजीत या गठ्ठ्याला एन्सेम्बल म्हणतात आणि त्यातल्या एकेका अंदाजाला मेंबर. त्यावरून आमच्याकडे ग्रामपंचायतीचे विनोद रोजचेच. आज बहुमत कोणाकडे, दोन मेंबर फुटलेत, त्यांना सहलीला पाठवा. हसता हसता बहुमताचंच ऐकायची सवय लागली. फुटलेला मेंबर म्हणजे चुकलेला मेंबर, असं आम्ही कधी ठरवलं नव्हतं, पण वागायला मात्र तसंच लागलो होतो.

माझे मामा मेंढरं राखतात. आईचं माहेर जतकडचं, कोरड्या मुलखातलं. वडील सैन्यात गेले म्हणून आम्ही भावंडं शाळा-कॉलेजात वाढलो. मामा मेंढरांमागे राहिले. दरवर्षी पावसाळा सरला की मामा आणि मामी घोड्यावर बिऱ्हाड लादतात, कोंबड्या पाटीत घालतात आणि दोनशेच्या आसपास मेंढरं घेऊन पश्चिमेला निघतात. मजल दरमजल करत दिवाळीनंतर रहिमतपूरच्या शिवारात पोचतात. तिथे सोयाबीन काढून मोकळी पडलेली रानं असतात. शेतकरी आपापल्या रानात मेंढरं बसवून घेतात, लेंड्यांचं खत मिळतं म्हणून, आणि बदल्यात धान्य देतात. त्या पट्ट्यात मामांना ओळखत नाही असा बागायतदार सापडायचा नाही.

मी हवामानात नोकरी धरली याचा सगळ्यात जास्त आनंद मामांना झाला होता. आईला मी मास्तरीण व्हायला हवी होते. मामा मात्र येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचे, "आमची भाची आभाळाच्या खात्यात हाय." आठवड्यातून दोनदा तरी त्यांचा फोन यायचा. सकाळी, मेंढरं हलायच्या आधी.

"काय म्हनतुया तुजा कम्प्युटर?"

मी सांगायला लागायचे, की मामा, दक्षिणेकडून बाष्प येतंय, पण वरचा वारा…

"लांबन लावू नगंस पोरी. मेंढरं उठल्याती. पानी हाय का न्हाई, तेवडं सांग."

"न्हाई."

"बास." आणि फोन बंद.

ऑफिसातला माझा अहवाल दोन पानांचा. त्यावर साहेब तीन शंका काढणार, बागवाले चार. इथे माझ्या एका शब्दावर अख्खा कळप डावीकडे वळायचा की उजवीकडे ते ठरायचं. मला त्याची चढली होती, खोटं कशाला बोलू? त्या एका शब्दासाठी मी फोनची वाट बघायचे.

मग एका उन्हाळ्याच्या तोंडाशी मी तोंडावर पडले. गारपिटीचा रंग दिसत होता. तिसातले अठरा मेंबर सातारच्या बाजूला गारा पाडत होते. बहुमत होतं. मी मामांना म्हटलं, "नक्की येनार. मेंढरं आत घाला." मामांनी कोणाच्या तरी बंद पडलेल्या पोल्ट्रीच्या शेडात दोनशे मेंढरं कोंबली आणि दोन दिवस कोंडून ठेवली. बाहेर लख्ख ऊन. आत उकाड्यानं आणि भुकेनं जनावरं एकमेकांवर चढत होती. गार सोडा, थेंब पडला नाही. बारा मेंबर बरोबर ठरले होते, पण हे मी कोणाला समजावणार?

त्याच वैशाखात मामेबहिणीच्या हळदीला सगळा गोतावळा जमला होता. मी मांडवात पाय ठेवते न ठेवते तोच मामांचा मेहुणा ओरडला, "आवं हवामानवाल्या बाई, मांडवावर गारा पडत्यात का बगा की जरा, न्हाईतर नवरीला पोल्ट्रीत न्हिऊन ठिवतो!" बायकांनी पदर तोंडाला लावले. मामाही हसले, अगदी मनापासून, मला हाताला धरून पुढे नेत हसले. मीही हसले. पण मी जात्याच तापट आहे, आणि हसताना जे गिळावं लागतं ते माझ्या पोटात फार दिवस राहतं. जेवायच्या पंगतीत मी मनाशी ठरवून टाकलं, की पुन्हा या लोकांपुढे खोटं ठरायचं नाही.

आता मागे वळून बघताना वाटतं, त्या दिवशी पंगतीतून उठून सरळ भांडले असते तर बरं झालं असतं.

पुढच्या मोसमात दिवाळीनंतर कातरणी आली. पावसाळ्यात चिखलानं आणि कुसळांनी जड झालेली लोकर उतरवावी लागते, नाहीतर अंगात किडे होतात. मेंढरं आधी ओढ्यात धुवायची, एक दिवस वाळू द्यायची, मग कातरायची. हे एकट्याचं काम नाही. आसपास तळ देऊन असलेले सगळे भाऊबंद कातऱ्या घेऊन येतात; आज याचा कळप, परवा त्याचा, अशी सावड चालते. ज्याची पाळी त्यानं जेवण घालायचं. एकदा पाळी ठरली की सहसा हलत नाही, कारण एकाची हलली की पुढच्या सगळ्यांची हलते.

कातरलेलं मेंढरू आठ-दहा दिवस फार नाजूक असतं. कोरडी थंडी ते काढतं. पण त्या दिवसांत अंगावर पाऊस आणि वर वारा आला तर उभ्या उभ्या गारठून मरतं. हे मला कोणी शिकवायला नको होतं. लहानपणी सुट्टीला मी तळावरच असायचे.

कातरणीच्या दोन दिवस आधी मामांचा फोन आला. मी तेव्हा ऑफिसात नुकतीच बसले होते आणि समोर तीस रेघा उघड्या होत्या. अरबी समुद्रात कमी दाबाचं एक क्षेत्र तयार होत होतं. तिसातले बहुतेक मेंबर त्याला पश्चिमेला नेऊन तिथेच विरवून टाकत होते. चार-पाच मेंबर आपल्याकडे ढग आणत होते, पाऊस नाही. आणि दोन मेंबर सरळ किनाऱ्याकडे वळून घाटावर चढत होते. त्या दोघांमध्ये सातारच्या बाजूला दीड दिवस पाऊस होता, आणि गार वारा. मला ते दिसलं. नीट दिसलं. एका रेघेवर मी माउस नेऊन आकडाही वाचला होता.

"परवाच्या दिशी कातरनी हाय. पानी हाय का न्हाई?"

माझ्या जिभेवर ते दोन मेंबर आले होते. पण डोळ्यांपुढे आला तो मांडव. दोघांच्या नादाला लागून सांगितलं आणि पुन्हा ऊन पडलं तर? साऱ्या भाऊबंदांची सावड मोडायची, पुन्हा पोल्ट्री निघायची.

"न्हाई," मी म्हटलं.

"बास," मामा म्हणाले.

कातरणी झाली. दुपारी मामीनं फोन करून सांगितलं, जेवण झकास झालं, तू यायला हवी होतीस. मामांनी दोनशेच्या दोनशे मेंढरं कातरून घेतली होती. तोवर दोनाचे दोनच राहिले होते; त्याच संध्याकाळी नवीन तीस आले आणि दोनाचे अकरा झाले. दुसऱ्या दिवशी सकाळी चोवीस. मी फोन लावत होते. मामांचा लागत नव्हता. मामीचा लागला तेव्हा अकरा वाजले होते आणि तिच्या आवाजामागे वारा होता.

"आभाळ लय उतरलंय गं," ती म्हणाली. "हे गेल्याती मेंढरं वळवायला."

दुपारपासून पाऊस लागला तो दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत थांबला नाही. फार मोठा नव्हता. शहरात कोणी त्याची दखलही घेतली नसती. आमच्या खालचे डॉक्टर म्हणाले, काय छान गारवा पडलाय. मी वर जाऊन दार लावून घेतलं, नाहीतर त्यांना काहीतरी बोलून बसले असते.

तिसऱ्या दिवशी सकाळची एसटी धरून मी रहिमतपूरला गेले. तळ शोधावा लागला नाही, रस्त्यावरूनच दिसला. ज्याच्या रानात मेंढरं होती त्या शेतकऱ्यानं आपला गोठा रिकामा करून दिला होता आणि म्हशी बाहेर बांधल्या होत्या. गोठ्यात जेवढी मावली तेवढी वाचली होती. मामी आणि दोन बाया पोत्यांनी मेंढरांची अंगं घासत होत्या. मामांनी स्वतःच्या अंगावरची घोंगडी दोन कोकरांवर टाकली होती आणि ते शर्टावर उभे होते. बांधाच्या कडेला मेलेली मेंढरं ओळीनं ठेवली होती, पंचनाम्यासाठी. कातरलेली, गुलाबी-पांढरी, पावसानं धुऊन स्वच्छ झालेली. मी मोजली नाहीत. मोजायचं काम माझं रोजचंच आहे, पण त्या दिवशी जमलं नाही.

मामांनी मला बघितलं आणि म्हणाले, "आलीस व्हय? च्या घे." एवढंच.

मी पोतं घेऊन मामीशेजारी बसले आणि घासायला लागले. माझ्या हाताखालची एक मेंढी दुपारपर्यंत थरथरत राहिली आणि मग थांबली. मला वाटलं ऊब लागली. मामीनं माझ्या हातातून पोतं काढून घेतलं तेव्हा मला कळलं.

ते दोन मेंबर मी तेव्हा सांगितले नाहीत. पुढे महिनाभरानं सांगितले, मामा कोरेगावच्या बाजूला तळ हलवून गेले होते तेव्हा. कोणीही मला विचारलं नव्हतं. भाऊबंदांत सगळे म्हणत होते, अवकाळीचं काय, ते कोणाला कळतं? माझ्यावर कोणाचा राग नव्हता आणि तेच मला सोसेना. मी गेले, मामांपुढे बसले, वहीचं पान फाडून त्यावर तीस रेघा काढल्या आणि दोन रेघांवर बोट ठेवलं.

मामांना रेघा कळायला अजिबात वेळ लागला नाही. मी उगाच शब्द शोधत होते.

"म्हंजी तिसातली दोन वाट सोडून गेली, आन् तीच खरी निघाली."

"व्हय."

"आन् तुला तवाच दिसलंवतं."

"व्हय, मामा."

मामांनी कागद जवळ ओढला. मग म्हणाले, "मला सांगितलं असतंस, तर अर्दीच कातरली असती की."

मला पहिल्यांदा समजलंच नाही.

"पाळी मोडायची गरज नव्हती. कोकरांच्या आया ठिवल्या असत्या, म्हातारी ठिवली असती. दांडगी तेवडी कातरली असती. पानी न्हाई आलं तर मागनं दोन मानसं घिऊन उरलेली उरकली असती." ते अगदी शांतपणे, हिशेब समजावावा तसं सांगत होते. "नदी उतरताना आमी काय समदी एकदम घालतो व्हय? नव्या रानात काय समदी एकदम सोडतो? तुला ठाव हाय की. तू हुतीस की बारकी असताना."

मला ठाऊक होतं. पाण्याचा अंदाज नसेल तर मामा आधी चार मेंढरं घालत. ओळखीच्या नसलेल्या पाल्यावर आधी दोन शेळ्या सोडत. एकाच शेतकऱ्याच्या भरवशावर मोसमभर कधी राहिले नाहीत. शंकेला थोडी जागा ठेवून वागणं हे त्यांचं रोजचं जगणं होतं. ते मी पुस्तकातून शिकले, परीक्षा दिल्या, आणि ज्याला ते माझ्यापेक्षा जास्त कळत होतं त्यालाच कळणार नाही असं समजून गप्प बसले.

"तुमीच म्हनायचा, व्हय का न्हाई तेवडं सांग," मी म्हटलं. हे बोलायला नको होतं. आपली चूक दुसऱ्याच्या पदरात टाकायला माझी जीभ अशी तयार असते.

मामा रागावले नाहीत. "मी एका शब्दात इचारतो," ते म्हणाले, "म्हनून तू एका शब्दात सांगायचं व्हय गं?"

कागद त्यांनी घडी करून खिशात घातला. का, ते मी विचारलं नाही.

त्यानंतर ऑफिसात मी भांडून एक गोष्ट बदलून घेतली. आता रोजच्या निरोपात तिसातले किती हे आम्ही लिहितो, आणि वाईटात वाईट काय होऊ शकतं तेही लिहितो. साहेब म्हणाले, लोक गोंधळतील. मी म्हटलं, गोंधळू देत, त्यांचं त्यांना ठरवता येतं. बरेच जण गोंधळले. दोघातिघांनी आमचा निरोप घेणंच बंद केलं. तासगावकडचे एक बागवाले मात्र म्हणाले की तुम्हालाही कधी नक्की कळत नाही, ते आता आम्हाला कळतं, आणि मला तो माझ्या कामाचा सगळ्यात मोठा सन्मान वाटला.

मामांचे फोन अजून येतात. आठवड्यातून दोनदा नाही, पण येतात. जेवलीस का, आईचा गुडघा कसा आहे, जावयांची, म्हणजे माझ्या नवऱ्याची, बदली झाली का, सगळं विचारतात. पाण्याचं विचारत नाहीत. सुरुवातीला वाटलं, विसरले असतील. माणूस श्वास घ्यायला विसरत नाही, आणि मेंढरंवाला पाऊस विचारायला विसरत नाही.

यंदा कातरणीच्या आठवड्यात मीच फोन केला. रेघा फाकल्या होत्या. तिसातले सात मेंबर सातारला भिजवत होते. या वेळी मी काही लपवणार नव्हते. काय बोलायचं ते त्यांच्याच भाषेत घोकून ठेवलं होतं.

"मामा, तिसातली सात पानी म्हनत्याती. तेवीस न्हाई म्हनत्याती. अर्दी कातरा, कोकरांच्या आया राखा."

मामांनी पूर्ण ऐकून घेतलं. एकदाही "लांबन लावू नगंस" म्हणाले नाहीत. शेवटी म्हणाले, "बरं. तू जेवलीस का?"

दोन दिवसांनी मामीशी बोलताना मी सहज विचारलं, किती राखली? मामी जरा अडखळली. मग म्हणाली, "समदीच कातरली गं. तू फोन केलास तवाच काम उरकत आलंवतं. तुला वाईट वाटू ने म्हनून ऐकून घेतलं त्यांनी."

पुढचे आठ दिवस मी सकाळ-संध्याकाळ रडार बघत होते. सातारवर ढग यायचे, थांबायचे, निघून जायचे. मामांची कातरलेली मेंढरं त्याखाली उघडी होती, आणि ती सुखरूप राहावीत असं मला मनापासून वाटत होतं. फक्त एका दुपारी एक मोठा ढग कोरेगाव ओलांडून रहिमतपूरकडे सरकायला लागला, आणि क्षणभर माझ्या मनात आलं, की पाऊस पडावा. पडावा, म्हणजे मामा पुन्हा मला विचारायला लागतील.

तो ढग बरसला नाही. मी मात्र कितीतरी वेळ हातात फोन घेऊन बसून राहिले, आणि त्या दिवशी मला माझी लाज वाटली तेवढी बांधावरच्या त्या ओळीपुढेही वाटली नव्हती.